अमेरिकेतल्या नर्सिंग स्कूलचं अवघड गणित : शिक्षक का मिळत नाहीत, डायरेक्टर का टिकत नाहीत

अमेरिकेत नर्स कमी पडतात हे आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच अमेरिकेत पात्र विद्यार्थ्यांनाही नर्सिंगचा प्रवेश मिळत नाही, याची चर्चा फारशी होत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग ही संस्था याचे आकडे दरवर्षी काढते. २०२३ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर नर्सिंग अभ्यासक्रमांनी ६५,७६६ पात्र अर्ज परत पाठवले. हा आकडा अर्जांचा आहे, माणसांचा नाही. एकच मुलगी चार ठिकाणी अर्ज करते, त्यामुळे इतके जण घरी बसले असं समजू नये. तरी आकडा मोठाच आहे. कारणं विचारली की दोन उत्तरं वर्षानुवर्षं येतात : शिकवायला माणसं नाहीत, आणि विद्यार्थ्यांना पाठवायला हॉस्पिटलात जागा नाही. ही दोन्ही कारणं एकमेकांत कशी अडकलेली आहेत हे वॉर्डात गेल्यावरच कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

वर्गात एक प्राध्यापक शंभर जणांना हृदयविकार शिकवू शकतो. वॉर्डात ते चालत नाही. विद्यार्थी खऱ्या पेशंटला हात लावणार, औषध देणार, तेव्हा परवानाधारक शिक्षक जवळ असावाच लागतो. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हे राज्याचं नर्सिंग बोर्ड ठरवतं. टेक्सासमध्ये शिक्षक एकटाच देखरेख करत असेल तर ही मर्यादा १० आहे. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाणही १:१० आहे. पण बोर्डाने १० म्हटलं म्हणून हॉस्पिटल १० घेईलच असं नाही. बरीच हॉस्पिटलं एका वॉर्डात आठच घेतात. लहान मुलांचा विभाग किंवा आयसीयू असेल तर त्याहूनही कमी.

आठ तरी जास्त का होतात, ते सकाळच्या औषधांच्या वेळी दिसतं. समजा नऊची औषधं द्यायची आहेत. विद्यार्थिनीने आधी पेशंटची फाइल वाचलेली हवी, प्रत्येक गोळी कशासाठी आहे आणि आज ती द्यावी का, हे तिला सांगता आलं पाहिजे. रक्तदाब १०० च्या खाली असताना रक्तदाबाची गोळी द्यायची का, असं शिक्षिका विचारते. मग कुलूपबंद यंत्रातून औषध काढायचं, पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करायचा, औषधाचा स्कॅन करायचा, औषध द्यायचं आणि नोंद करायची. हे नीट केलं तर एका विद्यार्थिनीला पंधरा मिनिटं लागतात. आठ जणींचे दोन तास झाले, आणि नऊची बरीच औषधं ठरलेल्या वेळेच्या आसपासच द्यावी लागतात. मग शिक्षिका एका दिवशी दोघी-तिघींनाच औषधं द्यायला लावते, बाकीच्यांना ड्रेसिंग, तपासणी, अंघोळ, नोंदी अशी कामं वाटून देते. एका सत्रात एकीच्या वाट्याला औषधं देण्याच्या किती सकाळी येतात, हे गटाच्या आकारावर ठरतं. गट दहाचा केला की प्रत्येकीचा सराव कमी होतो. प्रवेशाच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही.

आता पूर्ण स्कूलचा हिशेब मांडू. समजा दर सत्रात ६४ जणांची एक बॅच घेतली आणि क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची, चार सत्रं एकाच वेळी चालू आहेत. आठ-आठचे गट केले तर एका बॅचचे आठ गट आणि एकूण ३२ गट झाले. पूर्णवेळ शिक्षक लेक्चर, लॅब, पेपर तपासणी आणि समित्या सांभाळून सत्रात एकच गट नीट सांभाळू शकतो. पूर्णवेळ शिक्षक १४ असतील तर उरलेल्या १८ गटांना अ‍ॅडजंक्ट, म्हणजे तासिकेवर किंवा सत्रापुरते घेतलेले शिक्षक, उभे करावे लागतात. एरवी त्या हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या नर्स असतात आणि आठवड्यातून एखादा दिवस शिकवायला येतात. अ‍ॅडजंक्ट वाईट शिकवतात असं मुळीच नाही. उलट वॉर्डातलं ताजं ज्ञान त्यांच्याकडेच जास्त असतं. पण विद्यार्थिनी मागच्या सत्रात कुठे अडखळली, परीक्षेत कशात कमी पडली, अभ्यासक्रम कुठवर आलाय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही तर कळत नाही. आणि ते सांगण्याचं काम पूर्णवेळ शिक्षकांचंच असतं.

पूर्णवेळ शिक्षक किती असावेत, यासाठी एक मापदंडही उपलब्ध आहे. राज्यांच्या नर्सिंग बोर्डांची राष्ट्रीय परिषद, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंग, हिने २०२० मध्ये नर्सिंग शिक्षणाच्या गुणवत्तेविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अ‍ॅडजंक्ट धरून जितके शिक्षक असतील त्यांपैकी किमान ३५ टक्के पूर्णवेळ असावेत, असं त्यात म्हटलं आहे. आपल्या उदाहरणात ३२ पैकी १४ म्हणजे जवळजवळ ४४ टक्के होतात, ठीक आहे. एक जण निवृत्त झाला, एक हॉस्पिटलात परत गेली, एकीने बाळंतपणानंतर राजीनामा दिला. त्यांचे गटही अ‍ॅडजंक्टकडे गेले तर ३२ पैकी ११ उरले, म्हणजे ३४ टक्के. अवघी तीन माणसं गेली आणि स्कूल रेषेच्या खाली आलं.

या तीन जागा भरायला वेळ का लागतो?

पहिलं कारण पगार. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांनुसार नर्सिंगच्या प्राध्यापकांचा मधला पगार वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर आहे, आणि नर्स प्रॅक्टिशनरचा सव्वा लाख डॉलरच्या आसपास. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेऊन स्वतः तपासणारी आणि औषधं लिहून देणारी नर्स. शिकवायला जी पदवी लागते साधारण त्याच पातळीच्या पदवीवर बाहेर इतका जास्त पगार मिळतो. त्यात शिकवण्याच्या कामाची मोजणीही शिक्षकाच्या विरोधात जाते. अनेक कॉलेजांत लेक्चरचा एक तास पूर्ण धरतात, क्लिनिकलचे तीन तास मिळून एक धरतात. बारा तास वॉर्डात उभं राहिलेल्या शिक्षिकेच्या नावावर चारच तास लागतात. इतिहास किंवा गणित विभागाच्या चौकटीत बसवलेला हा हिशेब नर्सिंगला लावला की चांगली माणसं दोन वर्षांत कंटाळून जातात, आणि यात त्यांचा दोष आहे असं आम्हाला वाटत नाही.

दुसरं कारण पात्रता. बहुतेक रिकाम्या पूर्णवेळ जागांसाठी डॉक्टरेट हवी असते किंवा डॉक्टरेट असलेल्यांना पसंती असते. नर्सिंगमध्ये डॉक्टरेट दोन प्रकारची. पीएचडी संशोधनासाठी, तर डीएनपी, म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, प्रत्यक्ष सेवेतल्या नेतृत्वासाठी. डीएनपी घेणाऱ्यांची संख्या गेल्या पंधरा-वीस वर्षांत झपाट्याने वाढली. पण यांपैकी अनेक जण दवाखान्यातच राहतात, आणि अध्यापन कसं करायचं याचं शिक्षण या पदवीत फारसं नसतं. पीएचडीला प्रवेश घेणारे मात्र घटत चालले आहेत.

तिसरं कारण वय. डॉक्टरेट असलेल्या पूर्ण प्राध्यापकांचं सरासरी वय साठीच्या आसपास आहे. २०१५ मध्ये कामावर असलेल्या शिक्षकांपैकी एक तृतीयांश २०२५ पर्यंत निवृत्त होतील, असा अंदाज २०१७ च्या एका अभ्यासात मांडला होता. २०२२ च्या पाहणीत ९०९ स्कूलमध्ये मिळून २,१६६ पूर्णवेळ जागा रिकाम्या होत्या, म्हणजे ८.८ टक्के. टक्केवारी लहान वाटते, पण वरचं ३२ गटांचं उदाहरण आठवा.

आणि चौथी अडचण वेळापत्रकाची, तिच्याकडे बाहेरच्यांचं लक्षच जात नाही. सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं. जुलैच्या अखेरीस कुणी राजीनामा दिला तर महिना हातात आहे असं वाटतं. पण नवीन क्लिनिकल शिक्षिकेला त्या राज्याचा परवाना हवा, बोर्डाच्या किंवा स्कूलच्या नियमात बसणारी पदवी हवी. नंतर हॉस्पिटलच्या अटी : लसीकरणाचे कागद, पार्श्वभूमीची तपासणी, बऱ्याच ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी, ओळखपत्र, संगणकावरच्या नोंदींचं प्रशिक्षण, औषधाच्या यंत्राचा पासवर्ड. एकही गोष्ट राहिली तर ती वॉर्डात औषध काढू शकत नाही, म्हणजे विद्यार्थीही देऊ शकत नाहीत. यात सहज काही आठवडे जातात. तोवर त्या आठ जणांना कोण घेणार? उरलेल्या शिक्षकांत वाटतात, आठचे दहा होतात, आणि जी शिक्षिका कशीबशी टिकून होती तीही डिसेंबरात जाते.

कॅलिफोर्नियासारख्या राज्यात आणखी एक पेच आहे. तिथे पाच क्षेत्रांसाठी बोर्डाने मान्य केलेला प्रत्येकी एक तज्ज्ञ शिक्षक लागतो : मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि वृद्धांची शुश्रूषा. एकूण संख्या पुरेशी असूनही बालरोगाची एकटी तज्ज्ञ गेली तर काम अडतं. आयसीयूचा अनुभव असलेले तिघे असून तिच्या जागी चालत नाहीत.

डायरेक्टरची खुर्ची

हे सगळं ज्या व्यक्तीने सांभाळायचं, ती डायरेक्टर किंवा डीन. मोठ्या विद्यापीठात डीनच्या हाताखाली सहायक डीन, क्लिनिकल समन्वयक, प्रवेश अधिकारी असे लोक असतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजात बहुधा एकच डायरेक्टर आणि एक कारकून. बोर्डाचा वार्षिक अहवाल, मान्यता देणाऱ्या संस्थेसाठी शेकडो पानांचं आत्मपरीक्षण, हॉस्पिटलांशी करार, नेमणुका, बजेट, नापास विद्यार्थ्यांची अपिलं, हे सगळं तिच्याच टेबलावर. शिक्षक कमी पडला की वॉर्डातही तीच जाते. शिक्षकांची टंचाई आणि नेतृत्वाची टंचाई एकमेकींना वाढवतात ती इथे. मंगळवार-बुधवार डायरेक्टर वॉर्डात असेल तर नवीन शिक्षक शोधण्याचे फोन कोण करणार? हॉस्पिटलच्या कराराची मुदत संपत आली आहे हे कोण बघणार?

राष्ट्रीय परिषदेच्या त्याच २०२० च्या कामात धोक्याच्या खुणा नोंदवल्या आहेत, आणि त्यांतली एक म्हणजे थोड्या वर्षांत अनेक डायरेक्टर बदलणं. आमच्या मते ही सगळ्यात बोलकी खूण. डायरेक्टर गेली की प्रभारी नेमतात. प्रभारी व्यक्ती बहुधा चांगली ज्येष्ठ शिक्षिका असते, पण प्रशासनाचं प्रशिक्षण तिला मिळालेलं नसतं, पूर्णवेळ जागा मंजूर करून घेण्याचं वजन तिच्याकडे नसतं, आणि तिचा शिकवण्याचा भार पूर्ण उतरवलेला नसतो. कायमच्या नेमणुकीला शैक्षणिक वर्ष निघून जातं. त्या काळात हॉस्पिटलच्या नर्सिंग प्रमुखांशी जमलेली ओळख तुटते, आणि पुढच्या सत्रात वॉर्डाच्या जागा वाटताना शेजारचं स्कूल आधी पोचतं.

कॅलिफोर्नियाच्या नियमात यावर एक शहाणपणाची तरतूद आहे. तिथे बोर्डाने मंजूर केलेला सहायक डायरेक्टर असावाच लागतो, आणि डायरेक्टर नसताना कारभार चालवता येईल इतकी त्याला माहिती हवी. ज्या राज्यांत सक्ती नाही तिथल्या कॉलेजांनीही हे करावं असं आम्ही आग्रहाने म्हणू. दुसऱ्या फळीचा पगार महाग वाटतो, पण रिकाम्या खुर्चीचं एक वर्ष त्याहून महाग पडतं.

चूक कुठे आणि कधी उघड होते, हेही समजून घ्यायला हवं. विद्यार्थ्याला नर्स होण्यासाठी एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते, आणि पहिल्या प्रयत्नात किती टक्के पास झाले यावर स्कूलचं भवितव्य ठरतं. कॅलिफोर्नियात किमान ७५ टक्के, टेक्सासमध्ये ८० टक्के. फ्लोरिडात राष्ट्रीय सरासरीपेक्षा १० अंकांनी खाली सलग दोन कॅलेंडर वर्षं राहिलात तर स्कूल प्रोबेशनवर, म्हणजे सुधारणेच्या अटीवर, जातं. सरासरीशी बांधलेला नियम सरकत राहतो. २०२२ मध्ये अमेरिकेत शिकलेल्यांचं पहिल्या प्रयत्नात पास होण्याचं प्रमाण सुमारे ८० टक्के होतं. एप्रिल २०२३ मध्ये परीक्षेचं नवं रूप आलं आणि त्या वर्षी ते ८९ टक्क्यांच्या जवळ गेलं. म्हणजे ७५ टक्क्यांवर स्थिर असलेलं स्कूल एका वर्षी रेषेच्या वर होतं, आणि काहीही न बदलता पुढच्या वर्षी खाली गेलं.

आणि निकाल उशिरा येतो. गट आठाचे दहा करणं, अर्धवट पात्रतेच्या शिक्षकांवर वेळ भागवणं, प्रवेश वाढवणं, या निर्णयांचा परिणाम ती बॅच बाहेर पडून परीक्षा देते तेव्हा, म्हणजे दोन-तीन वर्षांनी कागदावर येतो. तोवर निर्णय घेणारी डायरेक्टर बरेचदा गेलेली असते. नवी येते ती जुन्या निर्णयांचा निकाल अंगावर घेते, कॉलेजचं वरिष्ठ मंडळ तिलाच जबाबदार धरतं, आणि तीही जाते.

काय केल्याने फरक पडतो

अडचणीतल्या स्कूलमध्ये नव्या डायरेक्टरने पहिल्या महिन्यात एक तक्ता करावा. प्रत्येक शिक्षकाचं नाव, क्षेत्र, पदवी, परवान्याची मुदत, निवृत्तीचं संभाव्य वर्ष, कोणत्या हॉस्पिटलात प्रवेश मंजूर आहे, आणि तो गेला तर त्याच्या जागी कोण. शेवटचा रकाना जिथे रिकामा राहतो तिथून काम सुरू करायचं. पुढच्या सत्राचे सगळे गट शिक्षकांच्या नावासकट प्रवेशाच्या आधी भरता येत नसतील, तर प्रवेश कमी करायचे. ६४ ऐवजी ५६ घेतले तर एक गट कमी होतो. फीचं उत्पन्न घटतं म्हणून वरिष्ठ नाराज होतात, पण प्रोबेशनवर गेल्यावर होणारं नुकसान त्यांना आकड्यांत दाखवणं हे डायरेक्टरचंच काम.

नवा शिक्षक टिकवणं नवा शोधण्यापेक्षा स्वस्त असतं. वीस वर्षं आयसीयूत काढलेली नर्स वर्गात पहिल्या दिवशी नवखीच असते. प्रश्नपत्रिका कशी काढायची, नापास होणाऱ्या मुलीशी कसं बोलायचं, मूल्यमापन लेखी कसं नोंदवायचं, हे तिला शिकवावं लागतं. पहिल्या सत्रात तिला कमी भार आणि सोबतीला एक अनुभवी शिक्षक दिला तर ती राहते. पहिल्याच आठवड्यात पूर्ण लेक्चर, दोन गट आणि आधीच्या शिक्षकाच्या जुन्या स्लाइड्स देऊन सोडलं, तर ती जाते.

सिम्युलेशन, म्हणजे बोलणाऱ्या-श्वास घेणाऱ्या पुतळ्यांवरचा सराव, हा अनेकांना सोपा उपाय वाटतो. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या अभ्यासात उत्तम दर्जाचं सिम्युलेशन क्लिनिकलच्या निम्म्या वेळेपर्यंत चालू शकतं, असं दिसलं. पण शर्त दर्जाची आहे. वीस मिनिटांच्या प्रसंगानंतर तीस-चाळीस मिनिटं चर्चा करायची असते, एक जण पुतळा चालवतो, दुसरा चर्चा घेतो, आणि दोघांनाही प्रशिक्षण लागतं. शिक्षक वाचवायला म्हणून सिम्युलेशन आणलं की निराशाच होते. हॉस्पिटलात जागा कमी असेल तिथे मात्र ते खरंच उपयोगी पडतं.

हॉस्पिटलाशी भागीदारीचे दोन नमुने आम्हाला जास्त आवडतात. युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंडने २००३ मध्ये एक अख्खा वॉर्ड शिक्षणासाठी राखण्याची पद्धत सुरू केली. तिथल्या स्टाफ नर्सना शिकवण्याचं प्रशिक्षण देऊन एकेकीकडे दोन विद्यार्थी सोपवायचे, आणि स्कूलच्या शिक्षकाने त्या नर्सना आधार द्यायचा. वरचा औषधांच्या दोन तासांचा प्रश्न तिथे सुटतो. दुसरा नमुना मेरीलँड राज्याचा. तिथे हॉस्पिटलांच्या नियंत्रित महसुलाचा ०.१ टक्का वाटा नर्सिंग शिक्षणाच्या निधीत जातो, आणि त्यातून शिक्षक तयार करायला व टिकवायला पैसे मिळतात. नर्स ज्यांना हव्या त्यांनीच शिक्षणाचा खर्च उचलायचा, हे तत्त्व न्याय्य आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्ज योजनेत शिक्षक म्हणून चार वर्षं पूर्णवेळ काम केल्यास शिक्षणाच्या कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग माफ होतो. तरुण नर्सला शिकवण्याकडे वळवायला हे कामाचं आहे, फक्त मुलाखतीत तिला ते सांगितलं गेलं पाहिजे.

महाराष्ट्रातून एमएससी नर्सिंग करून तिथे शिकवता येईल का, असा प्रश्न बऱ्याच जणी विचारतात. आपल्या पदव्यांचं मूल्यांकन, एनक्लेक्स आणि राज्याचा परवाना या पायऱ्या शिक्षिकेलाही चुकत नाहीत. विद्यापीठं एच-१बीच्या वार्षिक मर्यादेबाहेर आहेत हा फायदा होता, पण सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अर्ज करण्यापूर्वी त्याची त्या वेळची स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी.

आणि अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरातली मुलगी नर्सिंग स्कूल निवडत असेल, तर तिने इमारत आणि लॅब बघून झाल्यावर चार गोष्टी विचाराव्यात. डायरेक्टर किती वर्षं या पदावर आहेत आणि त्यांच्या आधी पाच वर्षांत किती जण होऊन गेले? शिक्षकांपैकी पूर्णवेळ किती? वॉर्डात एका शिक्षकामागे प्रत्यक्षात किती विद्यार्थी असतात, नियमात किती ते नाही. पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होण्याचं प्रमाण गेल्या तीन वर्षांचं काय आहे? शेवटचा आकडा राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर बहुधा मिळतो, त्यामुळे स्कूलने दिलेला आकडा तिथे पडताळून घ्यावा.